नुसतं घुर्र घुर्र

सकाळी साडेआठला गॅरेजचा फोन वाजला. मी टेबल पुसत होते. पलीकडून बाई म्हणाल्या, "वहिनी, गाडी सुरू होत नाहीये हो. सेल्फ लागतोय, नुसतं घुर्र घुर्र करतेय, पण पुढे काहीच नाही."

आता गाडी बंद पडणं ही काही आमच्याकडे बातमी नाही, बंद पडलेल्या गाड्यांवरच आमचं घर चालतं. पण ही गाडी आदल्याच दिवशी आमच्या गॅरेजमधून बाहेर पडली होती. आणि तिचा टायमिंग बेल्ट मिस्त्रींनी बदलला होता. एकट्यांनी, स्वतःच्या हातांनी, आठ महिन्यांत पहिल्यांदा.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. अख्खा रस्ता त्यांना मिस्त्री म्हणतो, मग मीही म्हणते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, आता नवीन काय शोधत बसू? आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, बोलणं पंधरा दिवसांत पूर्ववत झालं, पण उजव्या हाताची तीन बोटं बधिर राहिली ती राहिलीच. नुसता हात लावून नट किती नंबरचा ते सांगणारा माणूस शर्टाच्या बटणासाठी माझ्यासमोर येऊन उभा राहायला लागला. हाक मारायचे नाहीत. नुसते उभे राहायचे, गळा पुढे करून.

मला हे सहन होत नव्हतं, आणि सहन झालं नाही की मी चिडते. स्वभावच तसा, त्याला औषध नाही. मी डॉक्टरांवर चिडले, त्यांनी दाबायला दिलेल्या रबरी चेंडूवर चिडले, एकदा तर तो चेंडू मी खिडकीतून बाहेर फेकला आणि परत मीच जाऊन शोधून आणला. मिस्त्री मात्र कशालाच काही बोलत नव्हते. गॅरेज नावापुरतं उघडायचं. तेल बदल, बल्ब बदल, हवा मार. मोठं काम आलं की ते स्वतःच गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पुढच्या चौकात न्या."

मग गेल्या आठवड्यात बाई आल्या. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, वीस वर्षांपासूनच्या आमच्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, "बेल्ट बदलायची वेळ झालीय, आणि तो तुम्हीच बदलायचाय. मी काही चौकात वगैरे जाणार नाही." मिस्त्रींनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "हा बेल्ट नीट बसला तर गॅरेज चालू ठेवू. नाही बसला तर शटर कायमचं खाली. मग मला भरीस घालायचं नाही."

"अहो, असं एका बेल्टवर कुणी ठरवतं का?"

"मी ठरवतो," ते म्हणाले.

लोकांना वाटतं बेल्ट म्हणजे साधा पट्टा. पण हा दात्यांचा पट्टा इंजिनातल्या पिस्टनची आणि वरच्या व्हॉल्वची चाल जुळवून ठेवतो. तो दोन-तीन दाते सरकला की दोघं एकमेकांवर आपटतात, व्हॉल्व वाकतात आणि इंजिनाचा पार खुळखुळा होतो. तीन तासांचं काम, त्यांनी त्याला अख्खा दिवस घेतला. शटर अर्धं खाली ओढलं आणि मला आत पाऊल टाकू दिलं नाही. मी बाहेर स्टुलावर बसून राहिले. आत पाना पडायचा, ते उचलायचे, परत पडायचा. एकूण अकरा वेळा पडला. मोजायचं नव्हतं, पण मोजलं गेलं.

संध्याकाळी गाडी सुरू झाली. मिस्त्रींना अजून चालवायची परवानगी नाही, म्हणून मीच ती सहा किलोमीटर चालवत बाईंच्या दारात नेऊन दिली. मख्खन चालली. रात्री जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, "आवाज बरा होता ना?" आणि मी दोनदा सांगितलं, "छान होता." आठ महिन्यांनी त्या रात्री त्यांना पडल्या पडल्या झोप लागली.

आणि सकाळी हा फोन.

मी रिसीव्हर ठेवला तर मिस्त्री मागेच उभे होते. "बाईंचा?" त्यांनी विचारलं. "सेल्फ फिरतोय, सुरू होत नाही?" मी मान हलवली. ते वळले, पेटी उघडली आणि बेल्ट खोलायचे पाने एकेक करून आत ठेवायला लागले.

"बेल्ट ताणून धरणारी पुली सैल राहिली," ते पेटीकडे बघत म्हणाले. "सकाळी पहिला सेल्फ मारला आणि बेल्टने उडी मारली. व्हॉल्व गेले असणार."

"बघितलं नाही, ऐकलं नाही आणि निकाल लावून मोकळे?"

"मला कळलंच नाही गं. या बोटांना आवळलेलं कळतच नाही. आवळलंय असं मी धरून चाललो."

मी आमची गाडी काढली, ते शेजारी बसले, पेटी मांडीवर. सगळा रस्ता मी समोरच्यांवर हॉर्न मारत राहिले. कुणाचाच दोष नव्हता.

बाईंचं घर कोपऱ्यावर आहे. बैठं, पुढे सिमेंटचं छोटं अंगण, त्यात गाडी. बाई चष्मा सावरत बाहेर आल्या. मिस्त्री फाटकातूनच म्हणाले, "बाई, चूक माझी आहे. इंजिन मी भरून देईन. यापुढे गाडी दुसरीकडे दाखवा."

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "पेपर तपासायच्या आधीच नापास? मी असं कधी कुणाला केलं नाही."

मिस्त्री ऐकायला तयार नव्हते. पेटी खाली ठेवून ते सरळ बॉनेटला हात घालायला निघाले, आणि मग मात्र माझा बांध फुटला.

"अहो, एकतीस वर्षं तुम्ही काय सांगत आलात? बॉनेटच्या आधी कान उघडा! येईल त्या पोराला हेच सांगितलंत ना? मग आज तुमचे कान कुठे ठेवून आलात, घरी?"

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग पायरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "मार सेल्फ."

बाईंनी माझ्या हातात किल्ली दिली. मी गाडीत बसले, किल्ली लावली, फिरवली. घुर्र घुर्र घुर्र घुर्र. पेट्रोल आहे, बॅटरीत दम आहे, पण इंजिन काही पेट घेईना. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. "पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा फिरवली. "अजून एकदा."

तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडले. "एकसारखा आहे," ते सावकाश म्हणाले. "व्हॉल्व वाकला असता तर मध्येच एक टप्पा हलका गेला असता. लंगड्या माणसाच्या चालीसारखा. हा लंगडत नाही."

"मग झालं तर!"

"झालं काय? मला तसंच ऐकायचंय म्हणून ऐकू येत असेल. माझा आता कानावरही भरवसा नाही."

शेवटी बेल्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढायचं ठरलं. पाच बोल्ट. मी पुढे झाले तर त्यांनी नुसतं बघितलं, तशी मी मागे सरले. डाव्या हाताने पाना फिरवत, उजव्याचा नुसता आधार देत त्यांनी चार बोल्ट काढले. पाचवा सुटला, टणटणत गाडीखाली गेला. मी वाकायच्या आत बाई घरातून एक फुटपट्टी घेऊन आल्या, सत्तरीच्या वयात अंगणात चक्क आडव्या झाल्या आणि बोल्ट ओढून बाहेर काढला.

"चाळीस वर्षं बाकाखालून खोडरबरं काढलीत," गुडघे झटकत त्या म्हणाल्या. "हा बोल्ट काय चीज आहे."

मिस्त्रींनी मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. बेल्ट हळूहळू सरकत होता. पुलीवर एक खूण असते आणि तिच्या समोर इंजिनावर दुसरी. दोन्ही समोरासमोर आल्या तर बेल्ट बरोबर, नाहीतर सगळं संपलं. ते बाजूला झाले आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

"तू बघ. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

मी उजेड आत टाकला. खाली एक खाच, वर एक खाच, आणि दोन्हीकडे त्यांनी काल मारलेली पांढरी रेघ. मी दोनदा बघितलं. पण मी काहीही सांगितलं तरी त्यांना ते मन राखणंच वाटलं असतं.

"बाई, तुम्ही बघा," मी म्हणाले.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, नाक इंजिनात घातलं आणि फुटपट्टी लावूनच सांगितलं, "रेघेसमोर रेघ. केसाइतकाही फरक नाही. पैकीच्या पैकी."

मिस्त्रींनी बेल्ट चिमटीत धरून पिळून बघितला. जेवढा वळायला हवा तेवढाच वळला, पुढे नाही. म्हणजे पुलीही नीट आवळलेली होती. ते तसेच वाकून राहिले, चिमूट सोडेनात.

"बोटांना कळलं नसेल तुमच्या," मी म्हणाले, "पण केलंय त्यांनी बरोबर. ऐकलंत का? बरोबर केलंय."

मला रडू आलं. आलं तर आलं. मी पदराने डोळे पुसले.

पण गाडी तर अजून बंदच होती! अर्ध्या मिनिटात मिस्त्रींचा चेहरा परत उतरला. "मग काम करताना एखादी वायर दाबली असेन," ते म्हणाले. या माणसाला स्वतःला अपराधी ठरवायची इतकी घाई, की मला वाटलं आता फुटपट्टी घेऊन मीच दोन द्याव्यात. पण एक फरक पडला होता. मघाशी ते माफी मागायला आले होते, आता ते काम करत होते. बाही वर गेली होती.

"बाई, मागच्या सीटवर कान टेकवा. हिने किल्ली अर्धी फिरवली की काही ऐकू येतं का सांगा."

बाई मागे जाऊन सीटवर डोकं टेकून पडल्या. मी किल्ली अर्धी फिरवली. "येतंय!" त्या ओरडल्या. "माशी गुणगुणल्यासारखं. दोन सेकंद. गप्प झाली."

"पंप चालतोय. पेट्रोल येतंय." मग त्यांनी एक प्लग बाहेर काढला, तारेने इंजिनाच्या धातूला जोडला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी दिसायला हवी. तिघांनी आळीपाळीने बघितलं. ठिणगीचा पत्ता नाही. मग वायरी. एकेक वायर त्यांनी बोटांनी चाचपत शेवटपर्यंत नेली, डाव्या हाताने, आणि मग खात्रीसाठी डोळ्यांनी. एकही दबलेली नव्हती, एकही जोड सुटलेला नव्हता. अर्धा तास गेला. बाईंनी चहा आणला तो कपातच गार झाला.

मिस्त्री फडक्याला हात पुसत उभे राहिले. "दाब आहे, पेट्रोल आहे, बेल्ट जागेवर आहे, वायर शाबूत आहे, तरी ठिणगी नाही. म्हणजे गाडी बिघडलेली नाही. गाडीला सुरू व्हायचंच नाहीये."

"म्हणजे काय, रुसलीय?"

"तसंच काहीसं." मग ते एकदम म्हणाले, "अगं, तुझ्या समोर कोणकोणते दिवे दिसतात?"

"नेहमीचेच. बॅटरीचा आहे, तेलाचा आहे, आणि तो एक किल्लीचं चित्र असलेला लाल."

"किल्लीचा? नुसता आहे की उघडझाप करतोय?"

"करतोय की उघडझाप. मघापासून करतोय."

"मघापासून?" त्यांचा आवाज असा चढला की झाडावरचे कावळे उडाले. "कधीपासून म्हणालीस?"

"पहिल्यांदा बसले तेव्हापासून. मला वाटलं, असतो तो तसाच!"

"मी इथे इंजिनात डोकं घालून मरतोय, आणि ही आत बसून दिव्याची मजा बघतेय!"

ते तरातरा खिडकीशी आले. उजवा पाय जरासा ओढत चालतात ना, ते त्या वेळी विसरलेच. त्यांनी लाल दिव्याकडे बघितलं. मग खाली, किल्लीकडे. जाडजूड स्टीलच्या कडीत दोन किल्ल्या होत्या, एक लावलेली आणि दुसरी तिला खेटून लोंबणारी.

"या दोन्ही एका कडीत कुणी घातल्या?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सभ्यपणे आभाळाकडे.

आता सांगायलाच हवं. आमच्या गॅरेजचा नियम आहे आणि तो मी केलेला आहे: गाडी आली की दोन्ही किल्ल्या टेबलावर. कारण किल्ली आत राहून दार बंद, हा प्रकार आमच्याकडे फार वेळा झालाय. काल मी एका किल्लीने गाडी चालवत आणली, दुसरी पर्समध्ये होती. आणि बाई म्हणजे डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधणाऱ्या. म्हणून मी इथे, याच दारात, पर्समधून ती कडी काढली, नख मोडेपर्यंत जोर लावून दोन्ही किल्ल्या तिच्यात घातल्या आणि वर भाषण दिलं, "आता एक हरवायची भीतीच नाही." बाई म्हणाल्या होत्या, "राहू द्या हो वहिनी, एक कपाटातच असते माझी." पण मी कुणाचं ऐकते होय!

"किल्लीच्या डोक्यात एक चिप असते," मिस्त्री सांगायला लागले. "किल्ली फिरवली की गाडी विचारते, कोण आहे? बरोबर उत्तर आलं तरच ठिणगी सोडते. सगळ्या गाड्यांचं असं होत नाही, पण हिच्यात दुसरी किल्ली इतकी जवळ असली की दोघी एकदम बोलतात. हिला एकीचंही धड ऐकू येत नाही. मग ही समजते, चोर आहे. सेल्फ फिरू देते, पण पेट घेऊ देत नाही."

"म्हणजे बेल्ट?" मी विचारलं.

"बेल्टचा काय संबंध?"

"आणि वायर?"

"वायरचाही नाही. अगं, कशाचाच नाही. चूक तुझी आहे."

मी किल्ली काढून खाली उतरले, तशी त्यांनी कडी माझ्या हातातून घेतली. असली कडी उघडताना धडधाकट माणसाच्याही नाकी नऊ येतात. मी सवयीने हात पुढे केला, तर बाईंनी माझं मनगट धरून मला मागे ओढलं. मिस्त्रींनी कडी डाव्या मुठीत धरली आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने तिचं टोक उचललं. निसटलं. पुन्हा उचललं. पुन्हा निसटलं. चौथ्या वेळी टोक वर आलं आणि किल्ली गोल फिरत फिरत बाहेर निघाली.

मग प्लग जागेवर, कव्हर जागेवर, पाचही बोल्ट. "बाई, ही दुसरी घेऊन आत जा. स्वयंपाकघरात. अजून मागे जा म्हटलं तर अजून मागे जा."

"गेले!" आतून आवाज आला.

मी किल्ली फिरवली. लाल दिवा एकदा लागला आणि विझला. घुर्र, आणि दुसऱ्या घुर्रच्या आत गाडी सुरू झाली. अशी सुरू झाली की जणू काही झालंच नव्हतं. बाई आतून टाळ्या वाजवत आल्या, किल्लीसकट, आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो, "मागे!"

मी गाडीतून उतरले. मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात, ते तसंच झालं. उभ्या आयुष्यात मी चूक कबूल केलेली नाही. दूध उतू गेलं तर गॅस मोठा होता, साखरेऐवजी मीठ पडलं तर डबे सारखे होते. माझी सासू शेवटपर्यंत वाट बघून गेली. आणि त्या अंगणात मी दोन्ही हात वर करून म्हणाले, "माझी चूक! शंभर टक्के माझी चूक!" इतक्या मोठ्याने, की शेजारचे गृहस्थ कुंपणाशी आले आणि काय झालं विचारायला लागले.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले, "हिने घोळ घातला." आणि त्यांना हसू फुटलं. आधी खुदकन, मग गदागदा, शेवटी पायरीवर बसून पोट धरून. हसताना त्यांचा चेहरा एका बाजूला किंचित वाकडा होतो आता. मी तो पहिल्यांदाच बघितला, कारण आठ महिन्यांत ते हसलेच नव्हते.

परतताना सगळा रस्ता ते बोलत होते. किल्लीत चिप असते हे मला माहीत असायला हवं होतं, दिवा दिसला की सांगायचा असतो, आणि मुळात दुसऱ्याच्या किल्ल्यांना हात लावायची मला गरजच काय होती? मी हॉर्न न मारता गाडी चालवली. गॅरेजवर एक टेम्पोवाला थांबला होता. क्लच गेला होता, पुढच्या चौकात जाऊ का विचारत होता.

"चौकात कशाला?" मिस्त्री उतरता उतरता म्हणाले. "आत घ्या. आणि किल्ली हिच्याकडे अजिबात देऊ नका. सांगतो तुम्हाला, हिने आज काय केलं ते."

मग त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं. दुपारी स्पेअर पार्टवाल्याला सांगितलं, संध्याकाळी फोनवर माझ्या धाकट्या जावेला सांगितलं, तेही रंगवून, अर्ध्या तासाचा दीड तास करून. जाऊबाई मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही कसं ऐकून घेता हो?"

मी तिला काय सांगणार? आठ महिने या माणसाने माझी एकही चूक काढली नव्हती. जेवण खारट झालं तरी गप्प, मी ओरडले तरी गप्प. आता काढतायत, तर काढू देत.